स्लिप वेगळी, क्रीप वेगळी: पट्टा ‘सरकतो’ तेव्हा नेमकं काय होतं

पुलीवरून चालणाऱ्या पट्ट्याबद्दल तोंडी परीक्षेत ‘क्रीप म्हणजे काय?’ विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘थोडीशी स्लिप, सर.’ बाहेरून आलेले परीक्षकही मान डोलावतात. माझी तेव्हा चिडचिड होते, कारण हे उत्तर अपुरं नाही, सरळ चूक आहे.

स्लिप सगळ्यांना माहीत आहे. लोड वाढला, पट्टा पुलीला धरेना, किंचाळायला लागला, जळक्या रबराचा वास सुटला, पुली तापली. गिरणीवाला राळ टाकतो, नाहीतर मोटर मागे ओढून बोल्ट आवळतो, आणि दळण पुन्हा सुरू. घर्षण कमी पडलं, एवढाच मामला.

क्रीपमध्ये घर्षण कमी पडलेलंच नसतं. घोळ होतो तो इथे.

पट्टा लवचीक असतो. ताठ बाजूला तो जास्त लांबलेला, सैल बाजूला कमी. चालक पुलीवर (मोटरकडच्या, फिरवणाऱ्या) तो चढतो लांबलेला आणि उतरतो आखडलेला, म्हणजे पुलीला लगटून असतानाच त्याला कुठेतरी आखडावं लागतं. पुली बिडाची, ती काही आखडत नाही. मग पट्टा तिच्या अंगावरून केसभर मागे पडतो. चालित पुलीवर (पट्ट्याने फिरणाऱ्या) उलटा प्रकार: चढताना आखडलेला, उतरताना लांबलेला, म्हणून तिथे पट्टाच पुलीच्या केसभर पुढे पळतो. दोन्ही बाजूंनी सेकंदाला पट्ट्याचा माल तेवढाच पुढे जातो, आणि ताणलेला माल लांबीने जास्त भरतो. म्हणून ताठ बाजू सैल बाजूपेक्षा किंचित जोरात पळते. चालक पुलीचा परिघ ताठ बाजूच्या वेगाने फिरतो, चालित पुलीचा सैल बाजूच्या. तेवढे फेरे कमी पडतात, तीच क्रीप.

ऑसबर्न रेनॉल्ड्सने हे १८७४ सालीच मांडलं होतं. (हो, द्रवांच्या प्रवाहातल्या रेनॉल्ड्स नंबरवाला तोच.) यातून निघणारी गोष्ट अशी की पुलीवरच्या पट्ट्याचे दोन भाग पडतात. चढल्यावर पहिला भाग घट्ट चिकटून जातो, तिथे ताण बदलत नाही. उतरण्याआधीच्या भागात पट्टा सूक्ष्म सरकतो आणि सगळा ताण तिथेच बदलतो. घर्षणांक आणि वेढ्याचा कोन यांवरून दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर देणारं ऑयलरचं ते घातांकाचं सूत्र याच सरकत्या भागाला लागू पडतं. पूर्ण वेढ्याचा कोन त्यात घालून ‘हे ताणांचं गुणोत्तर’ असं लिहिणं म्हणजे पट्टा आत्ता निसटायच्या बेतात आहे असं म्हणणं.

आकडे घालून बघू. १०० मिमी रुंद, ५ मिमी जाड सपाट पट्टा, त्याचा ई (स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे पट्टा ताणायला किती कठीण) २०० न्यूटन प्रति चौरस मिमी, घर्षणांक ०.४, लहान पुलीवर वेढा १६५ अंश. वेग सेकंदाला १० मीटर, शक्ती ५ किलोवॉट, म्हणजे दोन बाजूंच्या ताणांत ५०० न्यूटनचा फरक. ताण १००० आणि ५०० धरा (पुलीवर वळताना पट्टा बाहेर फेकला जातो त्यामुळे येणारा केंद्रोत्सारी ताण सोडून देतो, या वेगाला तो किरकोळ आहे). सरकता भाग येतो साधारण ९९ अंश, उरलेले ६६ अंश पट्टा चिकटून आहे. क्रीप म्हणजे ताणांतला फरक भागिले ई गुणिले क्षेत्रफळ: ०.५ टक्के. वाया गेले २५ वॉट.

आता पट्टा आवळा. ताण १२५० आणि ७५० झाले. सरकता भाग ७३ अंशांवर आला, पट्ट्याची पकड वाढली. क्रीप मात्र तीच, ०.५ टक्के, कारण फरक अजून ५०० न्यूटनच आहे. राळ टाका, सरकता भाग आणखी आक्रसेल, क्रीप हलणार नाही. आवळून बेअरिंगचं वाटोळं तेवढं होईल. व्ही-बेल्टची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या पाचरीसारख्या पट्ट्याची, ३६ अंशांची खाचही घर्षण तिपटीहून जास्त वाढवते, स्लिप लांब ठेवते, पण क्रीप संपवत नाही. लोड वाढवत गेलात तर सरकता भाग पसरत जातो. आवळण्याआधीच्या ताणावर, फरक ७८० न्यूटनच्या आसपास गेला की तो पूर्ण १६५ अंश व्यापतो. तिथून पुढे स्लिप.

टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) लावणाऱ्यांसाठी: मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, तिपटीने मोठी पुली, हिशेबाने ४८० यायला हव्यात, ४७७-४७८ दिसल्या तर पट्ट्याला शिव्या देऊ नका. ४४० दिसल्या तर द्या. आणि मोटरच्या फेऱ्याही लोडवरच मोजा. इंडक्शन मोटरची स्वतःची एक ‘स्लिप’ असते, तिचा पट्ट्याशी काडीचा संबंध नाही, पण नावामुळे तीही याच पोत्यात भरली जाते.

माझा सगळ्यात जुना राग आहे तो क्रीपच्या त्या वर्गमुळाच्या सूत्रावर. वेगांचं गुणोत्तर म्हणे ई अधिक सैल बाजूच्या ताणाचं वर्गमूळ, भागिले ई अधिक ताठ बाजूच्या ताणाचं वर्गमूळ (इथे ताण म्हणजे क्षेत्रफळाने भागलेला). पिढ्यान्‌पिढ्या पाठ करतात. अहो, ई आणि ताणाचं वर्गमूळ यांची एककं वेगळी, बेरीज होईलच कशी? वरच्याच आकड्यांना ते न्यूटन-मिलिमीटरमध्ये ०.२ टक्के सांगतं, पास्कलमध्ये ०.०००२ टक्के. एकक बदललं की पट्टा बदलतो! वर्गमूळ काढून टाका: एक अधिक सैल बाजूचा विकार (लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी), भागिले एक अधिक ताठ बाजूचा विकार.

टायमिंग बेल्टला दात असतात, सरासरी गुणोत्तर दातांच्या संख्येने ठरतं, म्हणून हा प्रश्न तिथे येत नाही.

संगणकावर मॉडेल करताना काहीजण पट्टा ताठर धरतात आणि ‘स्लिप २ टक्के’ असा एक कायमचा गुणक चिकटवून देतात. मला हे बिलकूल पटत नाही. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग द्या, ऑयलरची मर्यादा वेगळी तपासा, मग लोड शून्य करून मॉडेल चालवा. फेऱ्यांमधली तूट शून्यावर आली पाहिजे. त्या गुणकाने ती तशीच २ टक्क्यांवर अडून बसते.