मॉडेल रेल्वेचे बिल्डिंग किट आणि त्यांचं कोल्हापुरीकरण

मॉडेल रेल्वेचे बिल्डिंग किट म्हणजे छोट्या रुळांच्या कडेला मांडायच्या इमारतींचे सुटे भाग. स्टेशन, गोदाम, सिग्नल केबिन, इंजिन शेड, पाण्याची टाकी, दुकानं, चार घरं, थोडक्यात गाडीच्या खिडकीतनं जे जे दिसतं ते सगळं खोक्यात चपटं होऊन येतं आणि आपण घरी बसून कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. गाडी आणि रूळ बहुतेक लोक तयारच घेतात, गाव मात्र स्वतः वसवावं लागतं. किटमध्ये मोडतोड करून किंवा दोन किट एकात घुसवून भलतीच इमारत बनवली की त्याला किटबॅशिंग म्हणतात, आणि किट न घेता पुठ्ठा-प्लॅस्टिकपासून सगळंच केलं तर स्क्रॅचबिल्डिंग. कोल्हापुरात बसून हा नाद करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून किटबॅशिंगच करावं लागतं, कारण खोक्यातनं निघणारं स्टेशन जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं असतंय नाहीतर अमेरिकेतल्या कुठल्या तरी खेड्यातलं, आणि आपल्याला पाहिजे असतंय कोल्हापूरजवळचं रुकडी.

स्केलचं गणित

सगळ्यात जास्त किट एचओ स्केलमध्ये मिळतात, म्हणजे १:८७. नाव 'हाफ ओ' वरून आलंय, ओ स्केलच्या निम्मं. एवढंच पाठ करायचं की खरा एक फूट म्हणजे एचओमध्ये साडेतीन मिलिमीटर, बाकी सगळं त्यातनं निघतं. सात फुटी दरवाजा साडेचोवीस मिमी, नऊ इंची वीट अडीच मिमीपेक्षा थोडी जास्त. ब्रिटिश लोकांचं ओओ स्केल १:७६ आहे, एन स्केल १:१६० (आपल्याकडं घरात जागा कमी म्हणून बरेच जण ह्याच्याकडं वळतात आणि मग चष्म्याचा नंबर वाढतो), आणि मार्कलिन कंपनीनं १९७२ साली आणलेलं झेड स्केल तर १:२२०. खोक्यावर स्केल बघूनच घ्यायचं, ओओची इमारत एचओच्या शेजारी ठेवली की दारं मोठी वाटतात आणि डोळ्याला का खटकतंय ते लवकर कळत नाही.

आता भारतीय माणसाची खरी गोची. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजवरून काढलेलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे बरोबर साडेपाच फूट, एका मध्यम उंचीच्या माणसाएवढा. एचओचा साडेपाच फुटी बाहुला घेऊन एचओच्या रुळात आडवा टाकून बघा, मावत नाही, डोकं बाहेर येतं. खऱ्या मापानं रुळात सव्वाएकोणीस मिमी अंतर पाहिजे. ह्याच्यावर लोक तासन् तास वाद घालतात, माझं मत विचाराल तर सोडून द्या, रूळ कोण मोजत नाही, स्टेशन मात्र सगळे बघतात. आणि ज्याला अगदीच चैन पडत नाही त्यानं जुनं कोल्हापूर करावं. कोल्हापूर-मिरज ही संस्थानची लाईन १८९१ साली सुरू झाली ती मीटरगेज होती, १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली, आणि मीटरगेजला एचओमध्ये १२ मिमीचे रूळ मिळतात, ते साडेअकराच्या जवळ बसतात.

किट येतात कुठनं

जर्मनीतल्या ग्यूटेनबाख गावची फालर कंपनी १९४६ पासून आहे आणि जगभरच्या मॉडेलवाल्यांच्या टेबलावर तिची चार घरं तरी असतातच. अमेरिकेत मिलवॉकीची वॉल्थर्स १९३२ ची. ब्रिटनमध्ये छापील पुठ्ठ्याच्या किटची परंपरा मोठी आहे. प्लॅस्टिक किट म्हणजे पॉलिस्टायरीन साच्यात ओतून केलेले भाग, जाळीसारख्या फ्रेमला चिकटलेले. त्याशिवाय लेझरनं कापलेल्या लाकडाचे, रेझिनचे, प्लॅस्टर ओतलेल्या भिंतींचेही असतात. ज्यात नुसत्या काड्या, पट्ट्या आणि नकाशा देतात त्यांना क्राफ्ट्समन किट म्हणतात, ती सुरुवातीला घेऊ नयेत, अर्धवट राहतात आणि माळ्यावर जातात. इथं मिळायला अडचण आहेच, बाहेरनं मागवलं की टपाल आणि कस्टम धरून किंमत डोळे पांढरे करते, म्हणून एक किट आलं की त्याचा चोथा होईपर्यंत वापरायचं हा आपला नियम.

बांधणी

भाग फ्रेमवरनं हातानं पिरगाळून तोडू नका, कडेला पांढरा डाग पडतो आणि कधी कधी कोपराच जातो, कटरनं थोडं लांबून कापायचं आणि उरलेला टिपका घासून काढायचा. त्याआधी सगळी फ्रेम साबणाच्या पाण्यात धुवून वाळवायची, साच्याचं तेल असतं त्यावर रंग बसत नाही. मग काहीही न चिकटवता एकदा सगळं जुळवून बघायचं.

प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट हा गोंद नसून ते द्रावक आहे, प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. भाग आधी धरायचे आणि ब्रश फक्त सांध्याला टेकवायचा, ते आपोआप फटीत ओढलं जातं. भिंती काटकोनात आल्या पाहिजेत, त्याला सुतार वापरतात तो छोटा गुण्या आतल्या बाजूला लावून धरा. पहिला कोपरा तिरका गेला की छप्पर बसवताना सगळं भोगावं लागतं. खिडकीच्या काचेला इन्स्टंट ग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेनं काच पांढरट होते आणि ती परत साफ होत नाही, माझी एक अख्खी सिग्नल केबिन कायमची धुक्यात गेलीय. काचेला फेविकॉल. आत दिवा लावणार असाल तर भिंती आतनं आधी काळ्या रंगवा, नाहीतर प्लॅस्टिकची भिंतच कंदिलासारखी उजळते. बारा व्होल्टवर साध्या पिवळसर एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरतो, उजेड मंदच पाहिजे, खेड्यातल्या स्टेशनावर कधी झगमगाट असतो का.

छप्पर

माझं स्पष्ट मत असं की इमारत कुठल्या गावची हे भिंत सांगत नाही, छप्पर सांगतं. भिंती जर्मनच राहू देत, दगडाच्या असतील तर उत्तम, त्यांना काळपट करडा रंग द्या, पातळ केलेला पांढरा-राखाडी रंग वरनं फासून लगेच फडक्यानं पुसा म्हणजे तो फक्त खाचांत राहतो आणि दर्जा (दगडांमधल्या फटी) भरल्यासारखा दिसतो, झाला आपला काळा दगड. पण ते उभंच्या उभं, बर्फ घसरून पडावा म्हणून केलेलं छप्पर ठेवलंत तर कितीही रंग द्या, ते रुकडी होणार नाही.

ते करायचं असं. समजा इमारत ८० मिमी खोल आहे आणि बाजूच्या भिंतीचा वरचा त्रिकोण ४० मिमी उंच, म्हणजे उतार ४५ अंश. त्रिकोणाची उंची निम्मी करायची, २० मिमी, दोन्ही बाजूला नवीन रेघ मारून ब्लेडनं तीन-चार वेळा हलकं ओढायचं आणि मग मोडायचं, एका दमात कापायला जाऊ नका. उतार येतो साधारण २७ अंश, आपल्या कौलारू घरासारखा. आता गंमत बघा, छपराची फळी आधी भिंतीवर ५७ मिमी लागत होती, ती आता ४५ लागते, बारा मिमी उरते. ती कापायची नाही. तशीच खाली भिंतीच्या बाहेर सोडायची, बारा मिमी म्हणजे खऱ्यात एक मीटरभर, आणि आपल्याकडं पावसासाठी वळचण एवढी बाहेर असतेच. आढ्याला मात्र दोन्ही फळ्यांच्या कडा नव्या कोनात घासाव्या लागतात, राहिलेली फट आढ्याच्या कौलाखाली जाते.

मंगलोरी कौलं १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढल्यावर पसरली, म्हणजे १८९१ च्या स्टेशनावर ती दाखवायला काहीच हरकत नाही. एक कौल एचओमध्ये जेमतेम पावणेपाच मिमी लांब होतं. किटच्या छपरावर युरोपी कौलं असतात ती दोन फुटांवरनं चालून जातात, फक्त एकसारखा लाल रंग देऊ नका. एखादा पट्टा नवीन, बाकी पावसानं काळवंडलेलं, आणि दोन-तीन कौलं सरकलेली.

पत्र्याचं छप्पर घरीच होतं. खऱ्या पन्हाळी पत्र्याची नळी तीन इंचाला एक असते, एचओमध्ये ०.८७ मिमी. आणि एम-५ म्हणजे पाच मिमी जाडीच्या बोल्टचा आटा असतो ०.८ मिमीचा! कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही दुकानात एम-५ चा आटेवाला रॉड मिळतो, वीतभर तुकडा पुरे. पार्सलच्या अॅल्युमिनियम डब्याचा पत्रा रबराच्या तुकड्यावर ठेवायचा आणि त्यावर रॉड दाबून एकदाच पुढं लाटायचा, पोळी लाटतो तसा, मागं पुढं करायचं नाही. नळ्या उमटतात. आटा तिरका असल्यानं नळ्याही साधारण तीन अंश तिरक्या येतात, म्हणून कडा नळीला धरून कापायच्या, पत्र्याच्या कडेला धरून नाही. हे कळेपर्यंत माझे चार डबे वाया गेले.

मळ आणि डाग

नवीकोरी इमारत खेळणं वाटते. मळवण्याची कला अमेरिकेत जॉन अॅलन ह्या माणसानं लोकप्रिय केली, त्याचा कॅलिफोर्नियातला गोरी अँड डिफीटेड हा लेआउट (रूळ, गाव, डोंगर धरून मांडलेली अख्खी मॉडेल रेल्वे) आजही लोक फोटोत बघतात, १९७३ मध्ये तो वारला आणि थोड्याच दिवसांत लेआउटही आगीत गेला. पद्धत सोपी आहे, काळ्या शाईचे चार थेंब स्पिरिटमध्ये टाकून भिंतीवर सोडायचे, वाळल्यावर खडूची पूड कोरड्या ब्रशनं, शेवटी मॅट वार्निश. पण डाग कुठं पाडायचे ते आपल्या गावात फिरूनच कळतं. वळचणीचं पाणी जमिनीवर पडून उडतं, त्यामुळं जोत्यावर खालनं फूटभर म्हणजे साडेतीन मिमी चिखलाची पट्टी पाहिजे. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारीचे तांबडे ठिपके. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची ओळ, वाचता येणार नाही पण ती रेघ नसली की पाटी खोटी वाटते. आणि जून ते सप्टेंबर स्प्रेचं वार्निश मारू नका, दमट हवेत ते पांढरं फुटतं, ह्याच दिवसांत पुठ्ठ्याच्या भिंतीही वाकतात.

इथलं साहित्य

किट परवडत नसेल तर इथं दोन गोष्टी हाताशी आहेत. एक लग्नपत्रिका, जाड, गुळगुळीत, घरात ढीगभर, कटरनं सुरेख कापल्या जातात. दुसरी लेझर कटिंगवाले, कॉम्प्युटरवर भिंती काढून दिल्या की दोन मिमी एमडीएफमध्ये (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीत) तासाभरात कापून मिळतात, फक्त लेझर स्वतः साधारण ०.२ मिमी खातो म्हणून खुंट्या तेवढ्या जाड काढायच्या, नाहीतर सगळं ढिलं बसतं. सनबोर्ड ते कापून देत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, तो पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी जाळला की विषारी वायू निघतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे, सुरुवात करण्याआधी एकदा जाऊन यावं.

विषयाला इथं तोटा नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, लांबच लांब बराकी, तिथं युरोपी बाहुले न रंगवता तसेच फलाटावर उभे करता येतात. कोल्हापूर सोडलं की पहिलाच थांबा गूळ मार्केट, आणि गूळ म्हटलं की गुऱ्हाळ पाहिजेच. मी ते अमेरिकन लाकूड गिरणीच्या किटमधनं केलं. तीन बाजूच्या भिंती काढल्या, खांब ठेवले, वर एम-५ चा पत्रा, चुलाणाला गिरणीचंच धुराडं पण निम्मं कापून, चिपाडाचा ढीग बारीक कातरलेल्या सुतळीचा. काहिलीचं, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचं, अडलं होतं. खरी आठेक फुटांची धरली तर २८ मिमी होते, आणि सोड्याच्या बाटलीचं बूच जवळपास तेवढंच असतं, दात घासून काढले की काहील तयार.

आत रस दाखवायला मी हौसेनं खरी काकवी ओतली, रंग अगदी बरोबर आला, दोन दिवस सगळ्यांना दाखवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग रुळावरनं, स्टेशनातनं, थेट काहिलीपर्यंत. चार मिमीची मुंगी एचओमध्ये फूटभरापेक्षा लांब होते, फलाटावर त्या हिशोबानं शंभर एक जनावरं फिरत होती. आता काहिलीत दोन भागांचा इपॉक्सी आहे, थेंबभर तपकिरी रंग घालून.