चेंडू येण्याआधीचा सेकंद

१० ऑक्टोबर २०१७ रोजी त्रिनिदादमधल्या कूव्हा गावात अमेरिकेचा पुरुष फुटबॉल संघ त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ असा हरला आणि २०१८ च्या विश्वचषकाला मुकला. नुसती बरोबरी साधली असती तरी भागलं असतं. तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशाने बत्तीस कोटींच्या देशाला घरी बसवलं. मग तिकडे नेहमीचं रडगाणं सुरू झालं: आमची खरी दमदार पोरं बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलकडे जातात, लेब्रॉन जेम्ससारखे अकरा जण इकडे वळवा, मग बघा! आपल्याकडे हीच समजूत उलटी करून ऐकवली जाते: ‘आपली शरीरयष्टीच फुटबॉलची नाही हो.’ दोघांनीही धरून चाललंय एकच, की उंची, ताकद आणि वेग असला की फुटबॉल आपोआप येतो.

हा प्रयोग जगातल्या सर्वांत वेगवान माणसावर होऊन गेलाय. २०१८ मध्ये उसेन बोल्ट ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या क्लबकडे नशीब आजमावायला गेला. एका सराव सामन्यात त्याने दोन गोलही केले, पण अखेर करार काही झाला नाही. त्याच्या ९.५८ सेकंदांच्या विक्रमी शर्यतीत पहिले १० मीटर गाठायला १.८९ सेकंद लागले होते आणि ताशी ४४ किलोमीटरचा तो प्रसिद्ध वेग आला साठ मीटरच्या पुढे. फुटबॉलमध्ये इतकं सरळ, मोकळं पळायला मिळतं कुठे? तिथली बहुतेक भांडणं दहा-पंधरा मीटरांची.

आता थोडा हिशोब. मोकळा चेंडू १० मीटरवर आहे आणि दोघे त्याच्याकडे धावताहेत. एकाचा सरासरी वेग सेकंदाला ७ मीटर, दुसऱ्याचा ६.३, म्हणजे दहा टक्के कमी. पहिल्याला १.४३ सेकंद लागतील, दुसऱ्याला १.५९. फरक ०.१६ सेकंदाचा. चेंडू कुठे पडणार हे हळू धावणाऱ्याला ०.३ सेकंद आधी कळलं, तर तोच आधी पोचतो. वर्षानुवर्षं घाम गाळून वेग दहा टक्के वाढवणं फार कठीण, पण ओळखण्यातला ०.३ सेकंदाचा फरक मैदानावर सर्रास दिसतो. साधा दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाच आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात, आणि समोरचे पर्याय वाढले की हा वेळही वाढत जातो.

मग काहींना आधी कसं कळतं? माझ्या मते या खेळातली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आपल्या डोळ्याला स्पष्ट दिसतं ते जेमतेम दोन अंशांच्या वर्तुळात. हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचं चित्र धूसर असतं आणि पाठीमागचं तर शून्य. त्यामुळे मधल्या फळीतल्या खेळाडूला मान वळवून बघावं लागतं. पण मान वळली की चेंडू नजरेआड होतो. शिवाय डोळा एका जागेवरून दुसरीकडे झेपावताना त्या क्षणापुरती मेंदू दृश्य माहिती दाबून टाकतो. म्हणजे प्रत्येक नजरेची किंमत मोजावी लागते. ती कधी मोजायची?

उत्तर न्यूटनच्या नियमांत आहे. चेंडू सहकाऱ्याच्या पायातून सुटला की पुढचा मार्ग वेग, दिशा, फिरकी, हवेचा अवरोध आणि गवताचं घर्षण यांनी ठरलेला असतो. दुसरा पाय लागेपर्यंत त्या मार्गात नवीन माहिती जवळजवळ नसतेच. माहिती असते ती स्पर्शाच्या क्षणी. म्हणून स्पर्श पाहायचा, चेंडूचा मार्ग मनात पूर्ण करायचा आणि तो वाटेत असताना मान वळवून बाकीचं मैदान पाहून घ्यायचं. १५ मीटरचा पास सेकंदाला १५ मीटर वेगाने आला तर हाती एक सेकंद असतो, आणि एका नजरेला त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. नॉर्वेचे संशोधक गेयर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंच्या चित्रफिती तपासल्या. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला पाहत होते, त्यांचे पास जास्त अचूक होते. स्पेनचा शावी दहा सेकंदांत आठेक वेळा नजर फिरवायचा. उंची १७० सेंटिमीटर, वेग बेताचाच.

पण नुसतं बघून उपयोग नाही, दिसलेलं ओळखता यायला हवं. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिबळाच्या पटावरची खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून झाकली. उस्तादांनी ती बरीचशी जशीच्या तशी मांडली, नवख्यांना जेमतेम चार-पाच सोंगट्या आठवल्या. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्यावर मात्र उस्तादांची आघाडी जवळजवळ संपली. त्यांची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती, त्यांच्याकडे ओळखीच्या रचनांचा साठा होता. फुटबॉलपटूचंही असंच. फरक इतकाच की इथे बावीस सोंगट्या हलत असतात. हा साठा सहा-सात वर्षांच्या वयापासून हजारो छोट्या सामन्यांतून भरतो. विशीत आणून उभा केलेला धावपटू तो कुठून आणणार? (‘मेंदूचा वेग’ वाढवण्याचा दावा करणारे लुकलुकत्या दिव्यांचे महागडे खेळही तो देत नाहीत. त्यांनी दिवे पकडण्यातली हुशारी वाढते.)

राष्ट्रीय संघाची आणखी एक अडचण असते, ती म्हणजे एकत्र सरावाला वर्षातून मोजके आठवडे. प्रत्येकाचा साठा वेगळा असेल तर एकाला दिसलेली फट दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून २०१० च्या अंतिम सामन्यात उतरलेल्या स्पेनच्या अकरांत सहा बार्सिलोनाचे आणि २०१४ च्या जर्मनीत सहा बायर्नचे होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ती समज क्लबात आधीच तयार झाली होती.

आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर गच्च गर्दीपुढे खेळतात. तिथे दम कमी आहे असं म्हणायची हिंमत कोण करेल? हवेत ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जाणते प्रशिक्षक आणि वर्षभर चालणारे सामने. २०२२ मध्ये मात्र भारतीय संघासाठी एका ज्योतिष कंपनीला १६ लाख रुपये दिल्याच्या बातम्या आल्या. तेवढ्या पैशांत किती चेंडू आले असते, हे गणित वाचकांनीच करावं.

आता एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी. अमेरिकेच्या महिलांनी चार विश्वचषक जिंकले, १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ चे, आणि त्यांच्या खेळात ताकद आणि वेग ठळक होता. पण १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे तिथल्या मुलींना शाळा-कॉलेजात खेळायला मिळत होतं, तेव्हा इतर बहुतेक देशांत मुलींना मैदानच मिळत नव्हतं. समोर ओळखीच्या रचनांचा साठा कमी असेल तर दम पुरून उरतो. युरोपातल्या क्लबांनी मुली घडवायला घेतल्या आणि २०२३ मध्ये अमेरिका स्वीडनकडून पेनल्टींवर हरून उपउपांत्यपूर्व फेरीतच बाद झाली. चषक स्पेनने नेला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्ण जिंकलं, पण तेव्हा प्रशिक्षक होत्या एमा हेज, लंडनच्या चेल्सी क्लबातून खास बोलावून आणलेल्या.