शोरूममध्ये कधीच न आलेली गाडी

रविवारी सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात उभं राहिलं की कासकडे निघालेल्या गाड्यांत एखादी तरी वेगळी दिसतेच. टाकी बुलेटची, पण सायलेन्सर गुडघ्याच्या उंचीवर वळवलेला, मडगार्ड कापलेलं, टायरला मोठमोठी बटणं. मालकाला विचारलं तर म्हणेल, "स्क्रॅम्बलर आहे." आरसी बुक उघडलं तर त्यात साधी साडेतीनशे बुलेट. आम्ही पोरं होतो तेव्हा असल्या गाडीला "सायलेन्सर वर केलेली" एवढंच म्हणायचो. शब्द नंतर आला, गाडी आधीपासून होती.

शब्द इंग्लंडातला. मार्च १९२४ मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे एका क्लबाने शर्यत भरवली. तोवर अशा स्पर्धांत अवघड चढ पाय न टेकता कोण पार करतो यावर पंच गुण द्यायचे. या क्लबाने गुणांची भानगड काढून टाकली. खडबडीत माळावर जो आधी पोचेल तो जिंकला. 'स्क्रॅम्बल' म्हणजे हातापायांनी धडपडत चढणं, त्यामुळे स्क्रॅम्बलरला मराठीत सरळ 'धडपड्या' म्हणायला माझी हरकत नाही.

या शर्यतीसाठी वेगळी गाडी सुरुवातीला कुणी बनवतच नव्हतं. रस्त्यावरची एक सिलिंडरची गाडी घ्यायची आणि तिला उघडी करायची. दिवे काढायचे, दगड आणि ओढ्याचं पाणी लागू नये म्हणून सायलेन्सर वर न्यायचा, चढाला जोर मिळावा म्हणून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, मोठं बसवायचं. एकच सिलिंडर असल्याने गाडी अरुंद राहते आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही ओढते. चिखलात अडकलेल्या माणसाला याहून जास्त काही नको असतं.

बुलेट या घराण्यात जवळची. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक गाड्यांचं मागचं चाक चेसिसला घट्ट जखडलेलं असायचं, तेव्हा नव्या बुलेटला मागे चाक वरखाली हलू देणारा स्विंग आर्म आणि शॉकअब्सॉर्बर होते. १९४८ साली इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्णपदकं मिळवली. म्हणजे घाटातला तो पोरगा आपल्या बुलेटला जे करतो, ते तिच्या स्वभावाला धरूनच आहे.

पुढे साठच्या दशकात सगळं उलटलं. बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या एक सिलिंडरच्या फोर स्ट्रोक गाडीवर जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ ला अशा शर्यतींचं पाचशे सीसी गटातलं जागतिक विजेतेपद घेतलं. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या 'चेझेट'वर ते हिसकावलं, आणि त्या गटात टू स्ट्रोक पहिल्यांदाच जिंकली. चेझेट ही जावाची सख्खी भावंड. जावा तोवर आपल्याकडे येऊन पोचली होती. म्हैसूरच्या आयडियल जावामधून १९६१ पासून गाड्या बाहेर पडत होत्या, १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं. बुलेटचं बस्तान त्याआधी, १९५५ मध्ये मद्रासला बसलं. युरोपातल्या चिखलात एकमेकींना भिडलेली ही दोन्ही घराणी, ब्रिटिश फोर स्ट्रोक आणि चेक टू स्ट्रोक, आपल्याकडे दूधवाले, फौजदार आणि बागायतदार यांच्याकडे नांदली.

परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं असल्याने खरी बीएसए गोल्ड स्टार किंवा डुकाटीची स्क्रॅम्बलर साताऱ्या-सांगलीच्या शोरूममध्ये लागणं शक्यच नव्हतं. ज्याला हवी त्याने ती करून घेतली. प्रश्न एवढाच की करून देणारे हात इथे कुठून आले?

माझं उत्तर: विहिरीवरून. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ चा. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळ किर्लोस्करवाडी १९१० ची. या दोन्ही नावांची पाणी उपसायची इंजिनं पुढे कृष्णाकाठच्या शिवारात पोचली. ऐन उसाच्या पाण्याच्या पाळीत इंजिन बंद पडलं तर पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबणार कोण? त्यामुळे बाजाराच्या गावी एक लेथ आणि बोअर मारणारा, स्लीव्ह बसवणारा, व्हॉल्व्ह ग्राइंड करणारा एक मिस्त्री असायचाच. जुनी बुलेट उघडली की त्याला अनोळखी काही दिसत नाही. एक सिलिंडर, जड फ्लायव्हील, ७० मिलिमीटर बोअरला ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक. चालू करायची पद्धतसुद्धा बहिणीबहिणींसारखी. विहिरीवर सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. बुलेटवर किक जड लागेपर्यंत दाबायची, डीकॉम्प ओढून अँपिअर मीटरचा काटा मधे आणायचा, डीकॉम्प सोडायचा आणि मग पूर्ण वजनानिशी किक. काटा मधे न आणता मारली की गाडी उलटी लाथ घालते. माझ्या उजव्या घोट्याला हे चांगलं ठाऊक आहे.

टू स्ट्रोकची जाण वेगळ्या वाटेने आली असावी. १९७५ साली बजाज आणि राज्याच्या विकास महामंडळाच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली, आणि साताऱ्यात 'प्रिया' स्कूटर बनू लागली. ज्या गावात घरटी कुणीतरी स्कूटरचं हेड उघडून कार्बन खरवडत होतं, तिथे टू स्ट्रोक येझदीला कोण घाबरणार?

आमचे मिस्त्री पोवई नाक्यामागच्या बोळात बसतात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करताना ते ती मोजायची पट्टी, फीलर गेज, घेत नाहीत. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणलेला. झाकण काढून व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, पुशरॉड, दोन बोटांत धरतात. ती बोटांनी गरगर फिरली पाहिजे, पण वरखाली तसूभरही हलता कामा नये. टायमिंगला, म्हणजे ठिणगीची वेळ लावायला, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हळूच ओढत राहायचं. कागद ज्या क्षणी सुटतो, तिथे पॉइंट उघडला. कंपनीचं पुस्तकही जुन्या बुलेटला जवळजवळ हेच सांगतं; मिस्त्रींनी ते वाचलेलं नाही.

स्क्रॅम्बलर करण्यात मात्र त्यांच्या मते निम्मा नखरा असतो. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे, किकही उजवीकडे. बेंड पाइप वर घेतला की पोटरी भाजते आणि किक मारायला जागा उरत नाही. शिवाय जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. नव्या गाडीवरून उतरलेला पोरगा गडबडीत ब्रेक म्हणून गिअर दाबतो. उताराला हा विनोद राहत नाही.

नवी डोकेदुखी पेट्रोलची. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट साका बसतो. गंमत अशी की यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. ज्या शिवारातल्या इंजिनांनी मिस्त्री घडवले, त्याच शिवाराचा ऊस आता त्यांना काम पुरवतोय. गाडी उभी करायची असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून वाटी रिकामी होईस्तोवर इंजिन चालू ठेवायचं, एवढाच त्यावर घरगुती उपाय.

तिढा कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये भरून. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस किंवा इंजिनात बदल नको. म्हणजे सत्तर-एकाहत्तर सालची बुलेट वयाने बसते, पण स्क्रॅम्बलर केलेली असेल तर अडकते.

गेल्या महिन्यात बोळात अशीच एक गाडी उभी होती. सायलेन्सर मिस्त्रींच्या वडिलांनी वर चढवलेला, वेल्डिंगही त्यांच्याच हातचं. मालकाच्या नातवाला व्हीए नंबर हवाय. मिस्त्रींनी पाइप उतरवला, चिंधीने पुसून माळ्यावर ठेवला, आणि कापलेल्या मडगार्डाच्या जागी मूळचं कुठे मिळतंय का म्हणून फोन लावत बसले.