एक ‘रन’, ६४५ अर्थ

इंग्रजी शिकायला लागलं की ‘रन’ हा शब्द अगदी सुरुवातीलाच भेटतो. रन म्हणजे धावणे. पाठ झालं, पुढे चला. पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीसाठी याच शब्दाची नोंद नव्याने लिहायला कोशकार पीटर गिलिव्हर यांना सुमारे नऊ महिने लागले, आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते.

एवढे अर्थ येतात कुठून? सगळ्याच्या मुळाशी पायांनी धावणारा देह आहे. धावणं म्हणजे वेगाने, न थांबता पुढे जाणं. यातून देह वगळला तरी पुढे जाणं उरतं, आणि मग इंग्रजीत नदी ‘रन’ होते, सर्दी झाली की नाकही ‘रन’ होतं. पुढे जाणंही वगळलं, नुसतं न थांबणं ठेवलं, की जागच्या जागी फिरणारं यंत्र ‘रन’ होतं. यंत्र चालू ठेवणारा माणूस ते ‘रन’ करतो. त्याच न्यायाने कारखाना, संस्था, सरकारही ‘रन’ केलं जातं. संगणकाचा प्रोग्रॅम ही त्याच साखळीतली अलीकडची कडी. रस्ता तर तसूभरही हलत नाही. तरीही तो डोंगरापासून समुद्रापर्यंत ‘रन’ होतो, कारण त्याच्यावरून आपली नजर धावत जाते.

क्रिकेटमधला ‘रन’ वेगळ्या वाटेने आला. दोन यष्ट्यांमधली धाव हे मोजण्याचं एकक झालं आणि कृतीचं नाव एककाला मिळालं. आता चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा न हलताही चार ‘रन’ मिळतात. आपल्या काव्यशास्त्रात शब्दाच्या या शक्तीला लक्षणा म्हणतात: मूळ अर्थ लागू पडत नाही, तेव्हा त्याच्याशी नातं असलेला दुसरा अर्थ पुढे येतो. युरोपात फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये अनेकार्थतेसाठी ‘पॉलिसेमी’ ही संज्ञा रूढ केली.

ही साखळी इंग्रजीची खासियत नाही. फ्रेंचमध्ये यंत्र ‘चालतं’, जर्मनमध्ये ‘धावतं’. मराठीत घड्याळ चालतं, श्वास चालतो, युक्ती चालते, आणि ‘चालेल का?’ या प्रश्नात तर पायांचा संबंधच उरलेला नाही. आपल्या शरीराची हालचाल आपल्याला जन्मापासून ठाऊक असते. तिच्या आधाराने आपण न दिसणाऱ्या गोष्टी बोलतो. मात्र कोणती हालचाल उचलायची हे प्रत्येक समाज आपापलं ठरवतो. अमेरिकन इंग्रजीत उमेदवार निवडणुकीसाठी ‘धावतो’. ब्रिटिश इंग्रजीत तो ‘उभा राहतो’, मराठीतल्यासारखाच. प्रसंग एकच, चित्रं मात्र परस्परविरोधी. मला भाषेतली ही गोष्ट सर्वांत विलोभनीय वाटते.

नेमके नेहमीच्या वापरातले शब्दच असे का फुगतात? अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये यातलं गणित मांडलं. शब्द जितका जास्त वापरला जातो तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ही वाढ साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला ढोबळमानाने दहापट अर्थ. ही भाषेची ढिलाई आहे असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. प्रत्येक छटेसाठी वेगळा शब्द केला तर शब्द लांबत जातील आणि लक्षात ठेवायचा बोजा वाढेल. आखूड, सोपा शब्द पुन्हा पुन्हा वापरायचा आणि नेमकेपणाचं काम संदर्भावर सोपवायचं, यात काटकसर आहे. पियांटाडोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी २०१२ मध्ये हाच युक्तिवाद आकडेवारीनिशी मांडला: आखूड आणि उच्चारायला सोप्या शब्दांना अर्थ अधिक असतात.

ही काटकसर मेंदूला परवडते कशी, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांच्या १९७९ च्या प्रयोगातून दिसलं. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्याचं यंत्रही. प्रयोगात लोकांना वाक्य ऐकवलं जाई आणि ‘बग्ज’ ऐकू येताच पडद्यावर अक्षरांचा एक गट दाखवला जाई. तो खरा शब्द आहे का, हे त्यांनी सांगायचं. वाक्यात किड्यांचा संदर्भ स्पष्ट असतानाही ‘मुंगी’ आणि ‘हेर’ हे दोन्ही शब्द लोकांनी असंबद्ध शब्दांपेक्षा झटकन ओळखले. म्हणजे क्षणभर दोन्ही अर्थ जागे होते. तीनच अक्षरं पुढे गेल्यावर पडदा दाखवला, तेव्हा ‘हेर’ मागे पडलेला होता. नको तो अर्थ आपल्या जाणिवेत येण्याआधीच गळून जातो.

जेनी रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यात आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवला. ‘बार्क’ म्हणजे कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची सालही. या दोन अर्थांचं एकमेकांशी काही नातं नाही. असे शब्द ओळखायला मेंदूला किंचित जास्त वेळ लागतो. पण अर्थ एकमेकांशी जोडलेले असतील, तर शब्द उलट लवकर ओळखला जातो. ‘रन’चं कुटुंब बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचं आहे.

संगणकांना मात्र हे फार जड गेलं. यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये एक साधं वाक्य पुढे ठेवलं: ‘द बॉक्स वॉज इन द पेन’. इथे ‘बॉक्स’ म्हणजे खेळण्यांची पेटी, आणि ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, लहान मुलाला खेळायला ठेवतात ते कुंपण. खेळण्यांची पेटी लेखणीत मावत नाही, हे यंत्राला कसं कळणार? संगणकासाठी शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडणाऱ्या २०१३ च्या ‘वर्डटूव्हेक’ पद्धतीतही प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ मिळायची, त्यामुळे सगळे ‘रन’ एकात मिसळून जात. २०१८ मध्ये ‘एल्मो’ आणि ‘बर्ट’ ही संगणकाची भाषा-प्रारूपं आली आणि त्याच शब्दाला वाक्यागणिक वेगळी ओळ मिळू लागली. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्येच लिहून ठेवलं होतं.

समानार्थी शब्दांचा घोळही इथेच सुटतो. ‘रन’ला प्रतिशब्द काय, हा प्रश्नच अपुरा आहे. नदीच्या ‘रन’ला ‘फ्लो’ चालेल, संस्थेच्या ‘रन’ला ‘मॅनेज’. पण ‘फ्लो’ आणि ‘मॅनेज’ एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. प्रतिशब्द हा शब्दाचा नसतो, त्याच्या एका अर्थाचा असतो. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेला ‘वर्डनेट’ हा कोश याच पायावर उभा आहे. त्यात घटक म्हणून शब्द नाहीत, तर एकेका अर्थाभोवती जमलेले शब्दगट आहेत, आणि ‘रन’ अशा अनेक गटांत हजर आहे. ‘जॉग’ आणि ‘स्प्रिंट’ तिथे ‘रन’च्या गटात नसून त्याच्याखाली येतात, कारण ते धावण्याचे प्रकार आहेत.

एका गटात बसणारे शब्दही सर्वस्वी सारखे नसतात. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, पुढे लॅटिनचा. त्यातून एकाच कामाला तीन-तीन शब्द झाले: विचारण्यासाठी जुना इंग्रजी ‘आस्क’, फ्रेंच वळणाचा ‘क्वेश्चन’ आणि लॅटिन ‘इंटरॉगेट’. कामं वाटली गेली म्हणून तिघेही टिकले. मित्राला वेळ ‘आस्क’ करतात, साक्षीदाराला ‘क्वेश्चन’ करतात आणि कोठडीतल्या संशयिताला ‘इंटरॉगेट’.