अंबाझरी तलाव : जलप्रदूषणाची पाहणी व नियंत्रण

नागपूरच्या पश्चिमेस नाग नदीवर १८७० मध्ये बांधलेला अंबाझरी हा शहरातील सर्वांत मोठा तलाव. तो पाणीपुरवठ्यासाठी बांधला होता. पुढे वरच्या अंगाला वाडी परिसरात वस्ती वाढली, सांडपाणी तलावात उतरू लागले आणि पाणी पिण्याजोगे राहिले नाही. पाण्यावर पसरणारी जलपर्णी डोळ्यांत भरते, पण ती केवळ लक्षण आहे. मूळ आहे नाल्यांतून येणारा फॉस्फरस व नायट्रोजन, म्हणजे जलपर्णी व शेवाळाचे खाद्य.

नमुने नाल्याच्या मुखाशी, तलावाच्या मध्यावर आणि सांडव्याजवळ घेतात. पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंमी आणि तळाच्या थोडे वर, असे दोन्हीकडचे. वेळ सूर्योदयापूर्वीची हवी. दुपारी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे विरघळलेला ऑक्सिजन भरपूर दिसतो; रात्रभरात तोच ऑक्सिजन शेवाळ व जिवाणू संपवतात, म्हणून मासे पहाटे मरतात. ऑक्सिजनसाठी ३०० मिली बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरून जागेवरच मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड-अझाइडचे द्रावण प्रत्येकी २ मिली घालतात. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. मोजमाप पुढे प्रयोगशाळेत, अनुमापनाने (टायट्रेशनने). जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली वेगळी घेऊन बर्फात ठेवावी लागते.

नुसती तीव्रता मोजून भागत नाही, नाल्याचा प्रवाहही मोजावा लागतो. दिवसाला १० लाख लिटर पाणी आणणाऱ्या नाल्यात लिटरमागे ५ मिग्रॅ फॉस्फरस असेल, तर तलावात रोज ५ किलो पडतो. हा हिशेब न करता पाण्यात हवा मिसळायला कारंजी बसवणे म्हणजे निव्वळ शोभा.

पहिले काम नाले अडवून सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याचे. मात्र साध्या केंद्रात बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरते, फॉस्फरस बराचसा तसाच सुटतो. तो काढायला तुरटी किंवा लोहक्षाराची मात्रा लागते. जलपर्णी फुलण्याआधी उपसून पाणलोटाबाहेर न्यावी. काठावर ढीग लावला तर कुजून तिचा अर्क पुन्हा तलावात येतो. तणनाशक मारले तर ती पाण्यातच सडून ऑक्सिजन खाते. उपसूनही गाळातले बी वर्षानुवर्षे रुजत राहते, त्यामुळे एकदाच मोहीम काढून भागत नाही.

आवक थांबल्यावरही सुधारणा लगेच दिसत नाही. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून वर येतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी तापते, पातळी घटते आणि हा प्रकार बळावतो. म्हणून गाळ काढायचा तो नाले अडवल्यानंतरच, आणि त्यातील जड धातू तपासून. न तपासता तो शेतात टाकू नये.