बाटायची भीती: बेळगाव भागात ख्रिस्ती श्रद्धेला विरोध कुठून आला

आमच्या बेळगाव-खानापूर भागात मराठी घरातलं कोणी चर्चला जायला लागलं तर घरचे त्याला पाप-पुण्य, तारण असलं काही विचारत बसत नाहीत, थेट विचारतात, "बाटलास काय रे?" मग पुढचा प्रश्न, पोरीचं लग्न कुठं जमणार. ह्या भीतीची मुळं लई मागं जातात.

सुरुवात गोव्यातून. 1510 ला पोर्तुगीज आले, 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं ते मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं, देवळं पाडली, मंगेशाला कुशस्थळीहून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडं, न्यावं लागलं. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतात, त्यात खरं किती ते सोडा, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसायचं ते बसलंच की. आणि एक गोष्ट आपल्याकडं कोणी सांगत नाही, इन्क्विझिशनचा मार मुख्यतः बसला तो ख्रिस्ती झालेल्यांनाच, लपून जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून. खानापूरकडची बरीच कॅथलिक घरं गोव्यातूनच घाट चढून आलेली आहेत.

मग इंग्रज. 1818 ला बेळगावचा किल्ला पडला आणि दोनच वर्षांत, 1820 ला, लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री जोसेफ टेलर इथं आले. आधी तोफ आणि मागनं उपदेश, लोकांना संशय येणार नाही तर काय. शाळा मात्र चालल्या, इंग्रजी शिकलं तर सरकारी नोकरी, म्हणून पोरं पाठवायची पण बायबलच्या तासाला कान बंद.

तरी त्याच मिशनच्या शाळेतनं मराठीतले ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी निघाले. बेळगावचेच, 1831 चा जन्म, कासार घर. पुढं मुंबईत ते परमहंस मंडळीत गेले. ही मंडळी जातपात मोडायला गुपचूप जमायची, सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा, पण बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, म्हणजे एवढी शिकली-सवरलेली सुधारक पोरं पण जातीच्या भीतीनं दार लावूनच पाव खायची. पदमनजींनी 1854 ला उघड बाप्तिस्मा घेतला. त्याआधी 1850 ला कायदा आला होता की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, आणि ह्या कायद्यावरनंच सनातनी मंडळी जास्त खवळली. जमिनीचा वाटा आला की वेदान्त मागं पडतो. 1857 ला हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायचे, तो मात्र खरा तत्त्वाचा वाद.

तत्त्वाचा अडसर आहेच, नाही असं नाही. माळकरी माणसाला "तू पापी आहेस, एकाच नावानं सुटशील" म्हटलं तर ते पटत नाही, केलेलं कर्म दुसरा कसा फेडणार? त्यात वारकऱ्याला सुटकेची घाईच नाही, विठ्ठलाच्या नामासाठी तो परत जन्म घ्यायला तयार. येशूला हात जोडायला त्याची ना नसते, कॅम्पातल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून नवस बोलणारे कितीतरी आहेत, अडतं ते "बाकीचे देव सोड" इथं.

1956 नंतर अजून एक गाठ बसली. बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, आणि शिवजयंती, दिंडी, गणपती हीच मराठीपणाची खूण झाली, त्यामुळं धर्म सोडणारा मराठीपण पण सोडतोय असं वाटायला लागलं. माझ्या मते हे साफ चुकीचं, घरात मराठी-कोंकणी बोलणारे ख्रिस्ती आपल्याकडं काय कमी आहेत?

दलित वस्तीतलं गणित वेगळं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीचा दर्जा जातो. वर डिसेंबर 2021 ला कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते पण बेळगावच्याच सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, त्यात धर्म बदलायच्या 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायची अट, जून 2023 ला नव्या मंत्रिमंडळानं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं. पण 1950 चा आदेश तसाच आहे, म्हणून मनानं येशूला मानणारा माणूस पण पोराचा जातीचा दाखला जाऊ नये म्हणून बाप्तिस्मा पुढं ढकलतो.