ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०

सन १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात, सेंट जेम्स पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला स्थानिक कारभाराचा विभाग), पटकीची म्हणजे कॉलऱ्याची जी साथ उसळली तिने ६१६ बळी घेतले. हा रोग पाण्यातून पसरतो असे मानणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबरला त्याचा दांडा काढण्यात आला, ही हकिगत अनेकांनी ऐकलेली असते. मात्र पंपाखालच्या विहिरीत घाण आली कुठून, हे मृत्यू कुठे कुठे झाले ते दाखवणाऱ्या स्नो यांच्या नकाशावरून कळण्यासारखे नव्हते. त्यासाठी कुणीतरी घरात शिरून जमीन उकरणे भाग होते.

घरांची पाहणी झालीच नव्हती, असे नाही. सरकारी आरोग्य मंडळाचे निरीक्षक घरोघर फिरले होते. पण रोग दूषित हवेतून होतो ही त्या काळची पक्की समजूत असल्यामुळे ते शोधत होते ती दुर्गंधी, कोंदट खोल्या आणि तुंबलेले खड्डे. हे सगळे सोहोत मुबलक होते, त्यामुळे त्यांचा सिद्धान्त घरागणिक खरा ठरत गेला. साथीच्या ऐन मध्यावर असलेल्या पोलंड स्ट्रीटच्या अनाथ-निराधारगृहात ५३५ माणसे दाटीवाटीने राहत असूनही जेमतेम ५ दगावली, कारण तिथे स्वतःची विहीर होती. स्नो यांनी हे दाखवून दिले, तरी सरकारी समितीला ते पटले नाही.

पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या व्हेस्ट्रीने मग स्वतःची चौकशी समिती नेमली. तिच्यात हेन्री व्हाइटहेड हे तरुण धर्मोपदेशक होते, आणि गंमत अशी की स्नो यांचे म्हणणे खोडून काढण्याच्या इराद्यानेच ते कामाला लागले होते. १८५५ च्या वसंतात मृत्यूंच्या नोंदी चाळताना त्यांची नजर एका ओळीवर अडली: ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०, पाच महिन्यांची मुलगी, जुलाबाने मृत्यू. तिचे दुखणे साथ भडकण्याआधीच सुरू झाले होते. व्हाइटहेड आईला भेटले, तेव्हा तिने सांगितले की बाळाचे लंगोट बादलीत भिजवून ते पाणी ती घरापुढच्या मैलाखड्ड्यातही ओतत असे. पंप त्याच घरासमोर होता.

पॅरिशचे सर्वेक्षक यॉर्क यांनी तिथे खणले. खड्ड्याच्या आणि मोरीच्या विटा इतक्या कुजलेल्या होत्या की जोर न लावता हाताने उचलून निघत होत्या. मोरीपासून विहिरीचे बांधकाम अवघ्या २ फूट ८ इंचांवर होते, आणि मधली माती मैल्याने भिजून दलदलीसारखी झाली होती. याआधी ही विहीर आतून तपासली गेली होती. त्या पाहणीत ती निर्दोष ठरली होती!

त्याच वर्षीच्या कायद्याने लंडनच्या व्हेस्ट्रींना आरोग्य अधिकारी आणि उपद्रव निरीक्षक, म्हणजे घाण-दुर्गंधीसारख्या सार्वजनिक उपद्रवांवर नजर ठेवणारे कर्मचारी, नेमणे बंधनकारक झाले. पुढे व्हिक्टोरियन निरीक्षकांनी जमीन न उकरता गळती ओळखण्याची एक युक्ती वापरात आणली. पेपरमिंटचे तेल गरम पाण्याबरोबर वरच्या बाजूने मैलावाहिनीत सोडायचे आणि घरातल्या खोल्या हुंगत फिरायचे. जिथे वास येईल तिथे सांधा फुटलेला. तेल ओतणाऱ्याने मात्र घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या हाताकपड्यांनाच वास लागलेला असे. काम नाकाचेच होते, पण आता वास मुद्दाम सोडलेला होता आणि तो रोगाचे कारण न राहता गळतीचा माग झाला होता.

घर क्रमांक ४० च्या नोंदीत आणखी एक तारीख आहे. बाळ २ सप्टेंबरला गेले. त्याच्या वडिलांना पटकी झाली ती ८ सप्टेंबरला. त्यांचा मैलाही त्याच फुटक्या खड्ड्यात गेला असणार, असे व्हाइटहेड यांनी पुढे लिहिले. पण पंपाचा दांडा त्याच दिवशी निघाला होता.